शेतात सापडलेलं शिसं

इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला सोन्याचं नाणं क्वचित सापडतं, शिसं मात्र जवळजवळ प्रत्येक फेरीत सापडतं. जुन्या बंदुकांच्या गोळ्या, खिडकीच्या काचा जोडणाऱ्या पट्ट्यांचे तुकडे, जाळ्यांना बांधायची वजनं, कापडाच्या गठ्ठ्यांवर ठोकलेल्या मोहोरा. आणि मधूनच एखादी राखाडी चकती. माती चिकटलेली, काठ वेडावाकडा. तिच्यावर अंगठा फिरवला की काहीतरी उठावाचं लागतं. एखादा क्रूस, सहा पाकळ्यांचं फूल, नाहीतर आरशात पाहिल्यासारखं उलटं उमटलेलं एखादं अक्षर.

कायद्याच्या दृष्टीनं ही चकती म्हणजे काहीच नाही. तिथल्या १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टमध्ये नाण्यांना खजिना ठरवायचे नियम स्पष्ट आहेत. किमान तीनशे वर्षं जुनी, निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र मिळाली, तर ती अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हलक्या धातूची असतील, तर निदान दहा नाणी एकत्र हवीत. शिशाची एकटी चकती या चाळणीतून खाली पडते. शेतमालकाची हरकत नसेल, तर सापडणाऱ्यानं ती खिशात घालावी किंवा फेकून द्यावी, कोणी विचारायला येत नाही.

अशा हजारो चकत्यांची आज व्यवस्थित नोंद आहे, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं नवल वाटतं. १९९७ मध्ये मोजक्या भागांत प्रयोग म्हणून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम सुरू झाली आणि २००३ पर्यंत ती सगळ्या इंग्लंड आणि वेल्समध्ये पसरली. ब्रिटिश म्युझियम तिचं काम पाहतं, वेल्समध्ये तिथलं राष्ट्रीय संग्रहालय. भागाभागात एकेक अधिकारी नेमलेला असतो. हौशी शोधक आपल्याला मिळालेल्या वस्तू त्याच्याकडे आणतात, त्या नोंदवून झाल्या की परत घेऊन जातात. सक्ती कसलीही नाही. या खुशीच्या मामल्यातून पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद उभी राहिली आहे, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते.

एका चकतीची नोंद होते कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी धुणं नाही, घासणं तर नाहीच. शिसं इतकं मऊ असतं की नखानंही ओरखडा उठतो आणि ब्रशच्या एका फटकाऱ्यात पाचशे वर्षं टिकलेली रेघ जाते. अधिकारी चकती तराजूवर ठेवतो आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन लिहितो. मग व्यास, मग जाडी. दिवा बाजूनं, अगदी तिरका धरला की सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर सावल्या पडतात आणि न दिसणारं चित्र वर येतं. दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह काढले जातात. दोन बाजूंची चित्रं एकमेकांशी किती फिरलेली आहेत, हे घड्याळाच्या काट्याच्या भाषेत टिपलं जातं, सहा वाजता किंवा तीन वाजता असं. शेवटी सगळ्यांत मोलाचा रकाना, जागा. शेतातला दहा मीटरचा चौकोन सांगता आला तर उत्तम. मात्र लोकांसाठी खुल्या नोंदीत फक्त किलोमीटरभराचा चौकोन दिसतो. रात्री चोरून शेतं उकरणारे तिथंही आहेत, त्यांना पत्ता मिळू नये म्हणून ही काळजी.

एवढा खटाटोप एका शिशाच्या तुकड्यासाठी का, हे समजायचं तर मध्ययुगातल्या इंग्लंडची सुट्ट्या पैशांची अडचण समजून घ्यावी लागते. तिथं शतकानुशतकं चलन चांदीचं होतं आणि मुख्य नाणं पेनी. पेनीहून कमी द्यायचे तर लोक नाणंच कापून अर्धं किंवा पाव करत. १२७९ पासून पहिल्या एडवर्डनं पाव पेनीचं, म्हणजे फार्दिंगचं, गोल नाणं पाडायला सुरुवात केली. चांदीचा तो फार्दिंग अर्ध्या ग्रॅमचाही नव्हता. बोटांच्या पेरातून निसटला तर गवतात सापडायचा नाही. आणि तोही टाकसाळीतून पुरेसा कधी निघाला नाही, कारण लहान नाणी पाडण्यात मेहनत तेवढीच आणि फायदा थोडा. एका पेनीला साधारण गॅलनभर बिअर मिळायची. एकट्या माणसानं पेलाभर प्यायली तर दुकानदारानं मोड आणायची कुठून?

उत्तर लोकांनी स्वतःच शोधलं. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, त्याला भट्टी लागत नाही, स्वयंपाकघरातली चूल पुरते. मऊ दगडात किंवा खडूच्या लादीत चित्र कोरायचं, वर दुसरी लादी ठेवायची, ओतायचं. दुकानदार, पिठाची गिरणी, खानावळ, चर्च, ज्याला गरज पडेल त्यानं आपापल्या चकत्या काढल्या. उलटी अक्षरं याच घरगुती कामाची खूण आहेत. साचा कोरताना अक्षर उलटं कोरावं लागतं, तरच ते सुलटं उमटतं. कोरणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा त्याला अक्षरओळखच नव्हती. राजाच्या टाकसाळीतल्या कारागिरांची नावं कागदपत्रांत आहेत. या माणसाचा मात्र एवढाच पुरावा उरला आहे, एक उलटं पडलेलं अक्षर, आणि त्यात त्याच्या हाताची हालचाल अजून दिसते.

राजाच्या नाण्यांच्या शिशातल्या नकला पाहायच्या तर सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्स या गावाकडे जावं. पंधराव्या शतकाच्या अखेरीला आणि सोळाव्याच्या सुरुवातीला तिथं शिशाची एक अजब मालिका ओतली गेली. एका बाजूला बिशपचा टोकदार मुकुट घातलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला लांब क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत तीन-तीन ठिपके. ही मागची बाजू थेट चांदीच्या ग्रोटवरून, म्हणजे चार पेनीच्या नाण्यावरून उचललेली आहे. आकारही ग्रोट, अर्धा ग्रोट आणि पेनी असे तीन. पण दर्शनी बाजूवर राजा नाही. तो बिशपही खरा बिशप नाही, तो एक मुलगा आहे. दर वर्षी ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी, चर्चच्या गायनवृंदातल्या एका मुलाला बिशपचा पोशाख चढवत आणि २८ डिसेंबरपर्यंत त्याचा मान ठेवत. त्याच्या नावानं या चकत्या वाटल्या जात. काठावरच्या लॅटिन अक्षरांत संत निकोलसला आमच्यासाठी प्रार्थना कर अशी विनवणी असते. त्या दाखवून गरिबांना अन्न किंवा दान मिळत असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

१५३९ मध्ये बरीचा मठ बंद पडला आणि १५४१ मध्ये आठव्या हेन्रीनं बाल-बिशपची प्रथाच बंद करायचा हुकूम काढला. चकत्या मात्र शेतांत पडून राहिल्या. शोधकांनी आणलेल्या एकेका चकतीची जागा नकाशावर टिपत गेलं की बरीभोवती ठिपक्यांची दाटी होते आणि तिथून ते सफोक-नॉरफोकभर विरळ होत जातात. सणाच्या दिवसांत मिळालेलं शिसं खिशात घालून माणसं कुठल्या कुठल्या गावांना परतली, हे त्या ठिपक्यांत दिसतं. कुठल्याही बखरीत ही हकिगत नाही.

गावातल्या चकत्या भर शेतात पोचल्या कशा? याचं उत्तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. घरातला केर, चुलीतली राख आणि शेण एकत्र उकिरड्यावर जायचं आणि खत म्हणून गाडीनं शेतात पसरलं जायचं. घराच्या जमिनीवर हरवलेली चकती अशी खतातून शेतात गेली आणि नांगरानं वर-खाली होत राहिली.

शिशातल्या काही नकला मात्र चुलीवरच्या नाहीत, खुद्द सरकारी ठशांच्या आहेत. यॉर्कमध्ये कॉपरगेट इथल्या उत्खननात दहाव्या शतकातले नाणी पाडायचे लोखंडी ठसे मिळाले आणि त्यांच्याबरोबर ठशाचा छाप उमटलेले शिशाचे तुकडेही. ठसा नीट कोरला गेला आहे का, हे चांदी वाया न घालवता पाहायला शिशासारखा धातू नाही, हे पहिलं स्पष्टीकरण. लंडनच्या बिलिंग्जगेटहूनही असे तुकडे आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला थेम्सकाठच्या या जुन्या बंदरावर बांधकामासाठी खोदाई झाली, ट्रकनं माती बाहेर नेऊन टाकली गेली आणि डिटेक्टरवाल्यांनी ती माती चाळली. मध्ययुगीन शिशाचा एवढा मोठा साठा त्या मातीत निघाला की चकत्यांच्या अभ्यासाला त्यातून नवा पाया मिळाला. ब्रिटिश म्युझियमच्या मॅरियन आर्चिबाल्ड यांनी नाण्याच्या खऱ्या ठशाचं शिसं पाहून वेगळा तर्क मांडला: बंदरात जकात भरली, याची ही पावती असावी. मला हा तर्क फार आवडतो. धक्क्यावर पैसे मोजून दिल्यावर हातात पडणारा शिशाचा तुकडा, त्यावर राजाचं तोंड, आणि पुढच्या नाक्यावर तो दाखवला की वाट मोकळी. सगळ्यांनाच तो मान्य आहे असं नाही, पण तो मांडता आला तो तुकड्यांची नोंद होती म्हणून.

अगदी कोऱ्या शिशानंही काय घडू शकतं, याचं उदाहरण लिंकनशायरमधलं टॉर्कसी. नवव्या शतकातली व्हायकिंग सेना ८७२-७३ चा हिवाळा तिथं राहिली, एवढंच अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त सांगतं. एका वाक्यात. जागा नेमकी कुठली, छावणी केवढी, काही नाही. डिटेक्टरवाले मात्र तिथल्या शेतांत वर्षानुवर्षं फिरत होते आणि सापडलेलं केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात नेऊन दाखवत होते. त्यात अब्बासी खिलाफतीच्या चांदीच्या दिरहमांचे शंभराहून जास्त कापलेले तुकडे होते. आणि शिशाचे तीनशेहून जास्त लहान, बहुतेक बिनचित्राचे शंकू. ते पटावरच्या खेळाच्या सोंगट्या निघाल्या. सैनिक हिवाळाभर बसून खेळले आणि सोंगट्या हरवत गेल्या. डॉन हॅडली आणि ज्युलियन रिचर्ड्स यांनी हे ठिपके एकत्र मांडले, तेव्हा पंचावन्न हेक्टरांची छावणी समोर आली. मग याच प्रकारच्या सोंगट्यांची खूण धरून त्यांनी बाकी नोंदी चाळल्या आणि त्या सेनेच्या वाटा इतर शेतांतूनही दिसू लागल्या. एखाद्या शोधकानं शिसं म्हणून तो शंकू बांधावर फेकला असता, तर यातलं काही कळलं नसतं.

शिशाची ही कथा आपल्या दारापर्यंत येते, आणि ज्या वाटेनं येते ती पाहून मी थक्क झालो. रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात धातूंविषयी लिहिताना एका ठिकाणी सांगतो की ब्रिटनमध्ये शिसं जमिनीच्या सालीलगत इतकं मिळतं की ठरावीक प्रमाणाबाहेर ते काढायला कायद्यानं बंदी आहे. त्याच्या अगदी मागेपुढेच तो लिहितो की भारतात तांबंही नाही आणि शिसंही नाही, म्हणून तिथले लोक रत्नं आणि मोती देऊन ते घेतात. भारताबद्दल त्याची माहिती पुरती खरी नव्हती, राजस्थानच्या खाणींत तेव्हाही शिसं निघत होतं. पण त्याच सुमाराला लिहिलेल्या पेरिप्लस या प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत शिसं आहेच. आणि भडोचच्या मागच्या पठारावर, पैठणच्या सातवाहनांच्या राज्यात, शिशाची नाणी राजाच्या नावानं चालत होती. इंग्लंडमधल्या त्या चकत्या राजाचं चलन नव्हत्या. इथं शिसं अधिकृत चलन होतं.

या नाण्यांना आपण अजून पुरता न्याय दिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली, क्षत्रप राजा नहपानाची, त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप मारलेला. ती मोजली गेली, अभ्यासली गेली, शाळेच्या पुस्तकातही आली. शिशाची नाणी मात्र नदीच्या वाळूत, पांढरीच्या मातीत एकेकटी निघतात, हातोहात विकली जातात, आणि विक्रेत्याच्या डबीत पोचेपर्यंत गावाचं नाव गळून गेलेलं असतं. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. पण खुशीनं येऊन सांगावं, नोंद करून घ्यावी आणि वस्तू परत न्यावी, अशी व्यवस्था नाही.

नाणी सापडल्याची जागा हाती असते तेव्हा काय मिळतं, हे कोल्हापुरानं दाखवलं आहे. तिथल्या शिशाच्या नाण्यांवर एका बाजूला बाण चढवलेलं धनुष्य असतं, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि झाड. भोवती ब्राह्मी अक्षरांत 'रञो वासिठिपुतस विळिवायकुरस' असा लेख. याच घडणीच्या दुसऱ्या नाण्यांवर माढरिपुत सिवलकुर हे नाव येतं, तिसऱ्यांवर गोतमिपुत विळिवायकुर. तीन राजे, आणि त्यांच्या क्रमाबद्दल एकही शिलालेख नाही. पण काही नाणी जुन्या नाण्यांवरच पुन्हा ठोकलेली आहेत, आणि मऊ शिशात आधीचा छाप पुरता बुजलेला नाही. सिवलकुराच्या छापाखाली वासिठिपुताची अक्षरं डोकावतात, गोतमिपुताच्या छापाखाली आधीच्या दोघांची. आधी वासिठिपुत, मग माढरिपुत, शेवटी गोतमिपुत. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीनं दख्खनमधल्या हिप्पोकूरा या नगरात राहणाऱ्या बालेओकूरोस नावाच्या राजाचा उल्लेख केला आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्यात विळिवायकुराचं नाव ऐकतात. त्यापलीकडे या राजांबद्दल जे काही माहीत आहे, ते शिशावरून.