आधी पाणी, मग रिक्षा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ दिल्लीत नव्हे, पालघरला फुटला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. वसईतल्या उमेळ्यातल्या मुलांच्या डोळ्यांचा मागोवा घ्यायचा, तर २०१३ ची ती तारीख मधोमध धरणं सोयीचं.

त्याआधीची मोठी भीती रातांधळेपणाची. दिवेलागणीला मूल ठेचकाळू लागायचं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग यायचे आणि त्यात गोवर निघाला की बुबुळ विरघळूनच जायचं. १९७० मध्ये देशभर अ जीवनसत्त्वाचा डोस सुरू झाला. आज नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस असा क्रम आहे. हा रटाळ हिशेब नर्सबाईंनी आणि अंगणवाडीताईंनी सांभाळला. त्याचं कौतुक क्वचितच होतं. १९७६ चा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम मात्र मुख्यतः मोतीबिंदूभोवती, म्हणजे आजी-आजोबांभोवती फिरत राहिला.

२०१३ च्या या कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत जन्मजात मोतीबिंदू आला, दृष्टिदोष आला आणि कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजारही आला. हा शेवटचा आजार प्रगतीबरोबर वाढला. अशी बाळं पूर्वी जगतच नसत; आता जगतात, पण काहींच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या फुटतात. दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ तिसाव्या दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवलं, तर लेझरने नजर वाचवता येते.

या योजनेचं तपासणी पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत जातं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतलं मूल त्यातून सुटतं, हे मला या योजनेतलं सर्वांत मोठं भोक वाटतं. एका डोळ्याने कमी दिसणारं मूल तक्रार करत नाही. दुसरा डोळा काम भागवतो. आळशी पडलेला डोळा सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी एवढ्यावर बरंच भागतं, पुढे अवघड होत जातं. घरी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावायला कोणती योजना लागते? तिरळेपणाला ‘भाग्याचं लक्षण’ म्हणून कुरवाळणंही थांबायला हवं. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. मोतीबिंदू असू शकतो, किंवा पडद्याचा कर्करोग.

या सगळ्या वर्षांत जी गोष्ट फारशी बदललीच नाही, ती चुन्याची. वसई हा पानवेलींचा पट्टा. पान आलं की चुना आला. चुन्याची पुडी हातात दाबता दाबता फुटते आणि चुना थेट मुलाच्या डोळ्यात जातो. आम्लापेक्षा चुना वाईट, कारण तो बुबुळात आत झिरपत राहतो. रिक्षा शोधायला धावण्याआधी नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाण्याची धार धरावी, निदान अर्धा तास. पापणी उलटून अडकलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने टिपून घ्यावेत, मग दवाखाना. तूप, दूध, गुलाबपाणी काही नको. दिवाळीत फटाक्याचा तुकडा किंवा काडी रुतली असेल तर नेमकं उलट: पाणी नाही, दाब नाही, उपसणं नाही. कागदी पेला डोळ्यावर उपडा धरून चिकटवायचा आणि निघायचं.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले. बहुतेकांचे आपोआप बरे झाले, पण एक सवय उघडी पडली: मेडिकलमधून विचारून घेतलेले थेंब. त्यांत स्टिरॉइड असेल तर लाली झटकन उतरते, म्हणून आई खूश होते आणि पुढच्या खाजेला तीच बाटली काढते. महिनोन्‌महिने हे चाललं की डोळ्यातला दाब वाढू शकतो. मुलाला काचबिंदू होऊ शकतो, आणि तो सहसा दुखत नाही.