विटाळ कामाला लागत नाही, मानाला लागतो

“आता कोण पाळतं हो हे सगळं?” मासिक पाळीच्या विटाळाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तळेगाव दाभाड्याजवळच्या वराळ्यात तर तो अगदी साहजिक वाटतो. गावठाणाभोवती इमारती उभ्या राहिल्या, महाविद्यालयात परगावच्या मुली शिकायला आल्या, एमआयडीसीच्या कंपन्यांत बायका शिफ्टला जाऊ लागल्या. वेगळं ताट, वेगळं अंथरूण घेऊन चार दिवस बाजूला बसणं या धावपळीत जमणारंच नाही. मग विटाळ संपला का? माझं उत्तर स्पष्ट आहे: संपलेला नाही. तो कुठे सुटला आणि कुठे टिकला, हे मात्र नीट पाहायला हवं.

जे बदललं ते आधी मान्य करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 24 वयोगटातल्या, पाळीत स्वच्छ साधनं वापरणाऱ्या स्त्रियांचं देशातलं प्रमाण 2015-16 मध्ये सुमारे 58 टक्के होतं; 2019-21 मध्ये ते 77 टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्र सरकारने 8 मार्च 2018 रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅडचं पाकीट देऊ केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी रद्द झाला. ही कमाई लहान नाही. पण पॅड हातात आलं म्हणजे मनातलं किल्मिष गेलं, असं होत नाही.

मावळातली आवणी डोळ्यांसमोर आणा. आषाढाचा पाऊस, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि कमरेत वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बायकांची रांग. पाळी आली म्हणून मजुरीला गेलेली बाई बांधावर बसून राहत नाही; तिला परवडत नाही आणि शेतमालकालाही चालत नाही. तिने लावलेला इंद्रायणी तांदूळ पिकतो, घरात येतो, त्याचा नैवेद्य होतो. त्या नैवेद्याच्या दिवशी पाळी आली तर तिनेच ताटाला शिवायचं नाही. रोप लावताना ज्या हाताला विटाळ नव्हता, तो हात देवापुढे येताच विटाळतो. जिथे बाईच्या कष्टांची गरज असते तिथे विटाळ सोयीने विसरला जातो. जिथे तिला मान मिळायचा असतो, नेमका तिथे तो आठवतो.

भाद्रपद जवळ आला की हे आणखी ठळक दिसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती पेनाने बारीक गोल केलेला असतो. गौरी नेमक्या त्याच दिवसांत येणार असल्या की मेडिकलच्या काउंटरवर दबक्या आवाजात ‘पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या’ मागितल्या जातात. नॉरएथिस्टेरोन हे त्यातलं नेहमीचं औषध. अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी ते सुरू करतात. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे संप्रेरक आहे. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार आहे वा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. पण सणाला ‘अडचण’ नको, एवढ्यासाठी सुशिक्षित घरातही ते घेतलं जातं. बाजूला बसण्याचा कोपरा गेला. त्याची जागा या गोळीने घेतली.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टांशिवाय पिकलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी आपण आवडीने खातो. या व्रताच्या पारंपरिक कथेत पाळीच्या दिवसांत घरकामात वावरलेल्या बाईला त्या ‘दोषा’पायी पुढचा जन्म कुत्रीचा मिळतो. व्रताचा मूळ हेतूच त्या दोषाचं परिमार्जन हा आहे. भाजी जरूर करावी. ती कथा मात्र मुलींना पटवून देऊ नये. गर्भधारणा झाली नाही की गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. यात पापही नाही आणि घाणही नाही.

ही समजूत कथेपुरती उरलेली नाही. जुलै 2022 मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या देवगावच्या आश्रमशाळेतल्या एका विद्यार्थिनीने तक्रार केली की, पाळी असल्याने शिक्षकाने तिला वृक्षारोपणात झाड लावू दिलं नाही. हात लावला तर झाड जगणार नाही, हे त्यामागचं कारण. गडचिरोलीतल्या माडिया वस्त्यांत आजही ‘कुर्मा घर’ आहे. पाळीच्या दिवसांत बायकांना गावाच्या कडेच्या त्या झोपडीत राहावं लागतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2015 मध्ये ही प्रथा थांबवण्याबाबत राज्य सरकारला सांगितलं होतं.

आता जिथे कष्ट हवे असतात तिथे काय होतं, हे पाहायला बीडकडे या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, फडावर ना पाणी ना संडास. 2019 मध्ये या प्रश्नावर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहाजणींमागे एकीचं. पाळीला इथे सुट्टी नाही आणि आडोसाही नाही. उरला तो फक्त शस्त्रक्रियेचा रस्ता.

शहरातही हाच हिशेब आहे. देवघरापासून दूर ठेवलेलं ते रक्त सकाळी कचऱ्याच्या बादलीत पडतं आणि कचरावेचक बाईच्या हाताला लागतं. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी 2013 मध्ये वापरलेली पॅड गोळा करून उत्पादक कंपन्यांना परत पाठवली. पुढे 2016 च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर पॅडसोबत पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही साधी सवयही पुण्यात सुचवली गेली.

या सगळ्यावर पांघरूण घालते ती आपली चुप्पी, आणि ती जीवघेणी आहे. मे 2023 मध्ये उल्हासनगरात एका भावाने 12 वर्षांच्या बहिणीला मारहाण करून ठार केलं. तिच्या पहिल्या पाळीचे डाग त्याला शरीरसंबंधाचा पुरावा वाटले. जुलै 2025 मध्ये शहापूरच्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्त दिसलं म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. घराघरांत पाळीबद्दल मोकळेपणाने बोललं जात असतं तर त्या भावाला हे रक्त कसलं ते कळलं असतं.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. विटाळाशिवाय कुठला देह जन्मला, असा सवाल चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी आपल्या अभंगातून विचारला. पंढरीची वाट चालणाऱ्या या मातीने त्याचं उत्तर अजून वागण्यातून द्यायचं आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. मुलीला पाळी येण्याआधी सगळं समजावून सांगा, आणि मुलालाही त्याच वेळी जवळ बसवा. हे काम एकट्या आईचं नाही, बाबांनीही बोलावं. घरातल्या कुणालाही सणासाठी गोळी घ्यायला लावू नका. आणि यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरच्या लेकीची किंवा सुनेची पाळी असेल, तर पूजेचं ताट तिच्याच हाती द्या.