आतड्याची शस्त्रक्रिया आणि पुरुषाचे कामजीवन

मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पार पडली की रुग्णाचे नातेवाईक सुटकेचा नि:श्वास टाकतात. घरी जाताना आहार कोणता घ्यावा, जखमेची काळजी कशी घ्यावी, पोटावरची पिशवी कशी बदलावी, याच्या सूचना मिळतात. मात्र एका विषयावर डॉक्टर आणि रुग्ण हे दोघेही बहुधा मौन पाळतात. तो विषय म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे कामजीवन. 'जीव वाचला, आता हे कसे विचारायचे?' असा संकोच रुग्णाला वाटतो. रुग्णाने विचारले नाही म्हणजे त्याला अडचण नसावी, असे डॉक्टर समजतात. या मौनाची किंमत अनेक दांपत्यांना मोजावी लागते. या संदर्भातील काही उपाय शस्त्रक्रियेपूर्वीच करता येतात, ही बाब तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

आतड्याचा आणि कामक्रियेचा संबंध काय?

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. पुरुषाच्या शरीरात त्याच्या पुढच्या बाजूस मूत्राशय, वीर्यकोश व पुर:स्थ ग्रंथी असतात, तर मागे माकडहाड असते. कटिपोकळीतील या अरुंद जागेतून दोन प्रकारचे मज्जातंतू जातात. पहिल्या प्रकारचे तंतू कमरेच्या वरच्या भागातून निघून गुदाशयाच्या मागून दोन्ही बाजूंना खाली उतरतात. वीर्य पुढे ढकलणे आणि त्या क्षणी मूत्राशयाचे तोंड बंद ठेवणे हे त्यांचे काम. दुसऱ्या प्रकारचे तंतू माकडहाडाजवळच्या मज्जारज्जूंतून निघतात आणि गुदाशयाच्या बाजूने व पुर:स्थ ग्रंथीच्या कडेने शिश्नापर्यंत पोहोचतात. शिश्नातील रक्तवाहिन्या रुंदावून ताठरता आणणे हे त्यांचे काम होय.

यावरून कोणत्या इजेचा कोणता परिणाम होईल, हे समजते. पहिल्या तंतूंना इजा झाल्यास ताठरता टिकते, परंतु वीर्य बाहेर पडत नाही किंवा उलट दिशेने मूत्राशयात जाते. हे वीर्य पुढे लघवीवाटे निघून जाते. त्याने अपाय होत नाही. मात्र नैसर्गिकरीत्या अपत्यप्राप्ती कठीण होते. दुसऱ्या तंतूंना इजा झाल्यास इच्छा असूनही पुरेशी ताठरता येत नाही.

येथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगितली पाहिजे. शिश्नाच्या त्वचेची संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू वेगळ्या मार्गाने, गुदाशयापासून दूर जातो. त्यामुळे ताठरता कमी झाली किंवा वीर्य आले नाही, तरी स्पर्शसुख आणि परमोच्च सुखाची अनुभूती अनेकांच्या बाबतीत कायम राहते. ताठरता, स्खलन, संवेदना आणि इच्छा या चार स्वतंत्र गोष्टी आहेत. एक गेली म्हणजे सर्व संपले, हा समज चुकीचा आहे.

धोका सर्वांना सारखा नाही

केवळ उजव्या बाजूचे मोठे आतडे काढले असेल, तर या मज्जातंतूंशी सहसा संबंधच येत नाही. धोका प्रामुख्याने गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत असतो. गाठ जितकी गुदद्वाराजवळ, तितका तो अधिक. गुदद्वारासह सर्व भाग काढून पोटावर कायमचा मलमार्ग, म्हणजे स्टोमा, करावा लागतो, तेव्हा तो सर्वाधिक असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या दाहक विकारात गुदाशय काढतानाही धोका असतो. पण कर्करोगाच्या तुलनेत तो कमी असतो. किरणोपचारांमुळे मज्जातंतू व रक्तवाहिन्यांची हानी हळूहळू होत राहते. वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांची त्यात भर पडते.

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. कर्करोगावर ती प्रभावी ठरली, परंतु पुढे कित्येक दशके मज्जातंतूंची हानी ही जणू अटळ किंमत मानली गेली. १९८२ साली इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी गुदाशय आणि त्याभोवतीचा चरबीचा थर एकाच आवरणासह, निसर्गत: असलेल्या पडद्यालगत अलगद सोडवण्याचे तंत्र मांडले. मज्जातंतू या पडद्याच्या बाहेर असल्याने ते पाहून वाचवणे शक्य झाले. आज हेच तंत्र प्रमाण मानले जाते. तरीही गाठ मज्जातंतूंपर्यंत पोहोचली असेल, तर जीव वाचवण्यासाठी त्यांचा त्याग करावा लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे?

गाठ नेमकी कोठे आहे, मज्जातंतू वाचण्याची शक्यता किती, किरणोपचार लागणार का, हे प्रश्न शल्यचिकित्सकांना नि:संकोचपणे विचारावेत. आपली सध्याची स्थिती कशी आहे, हेही त्यांना सांगावे. आधीपासून अडचण असेल तर नंतरची तुलना त्यावरूनच करता येते. भविष्यात अपत्य हवे असणाऱ्यांनी किरणोपचार, केमोथेरपी वा शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी नोंदणीकृत वीर्यपेढीत वीर्य गोठवून ठेवावे. ही संधी पुढे मिळेलच असे नाही. अविवाहित तरुण रुग्णाच्या बाबतीत हा विषय आई-वडिलांच्या संकोचामुळे राहून जाऊ नये. केमोथेरपी सुरू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत गर्भधारणा टाळावी व निरोध वापरावा.

उपचार आहेत

मज्जातंतू कापले न जाता केवळ ताणले गेले असतील, तर सुधारणा हळूहळू होते. त्यास काही महिने, कधी दोन वर्षेही लागतात. म्हणून पहिल्या एक-दोन अपयशांवरून निष्कर्ष काढू नये. मात्र उपचारांसाठी दोन वर्षे थांबण्याचेही कारण नाही.

अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल आणि त्याच वर्गातील टाडालाफिल या गोळ्या बहुधा प्रथम दिल्या जातात. या गोळ्या इच्छा निर्माण करीत नाहीत. मज्जातंतूंकडून आलेला संदेश त्या बळकट करतात. त्यामुळे तंतू काही अंशी शाबूत असतील तरच त्या उपयोगी पडतात. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट वर्गातील औषधे घेणाऱ्यांनी या गोळ्या कदापि घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येतो. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणणे म्हणूनच घातक ठरू शकते.

गोळ्यांनी गुण न आल्यास निर्वात पंपाचे साधन, शिश्नात घ्यावयाचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवावयाचे कृत्रिम रोपण असे पर्याय आहेत. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर तातडीने रुग्णालय गाठावे. हे उपचार मूत्रविकारतज्ज्ञ किंवा पुरुषरोगतज्ज्ञ करतात.

पिशवी आणि जवळीक

स्टोमा असलेल्या पुरुषाचा पहिला विरोधक बहुधा त्याची स्वत:विषयीची किळस असते. 'वास येईल', 'पिशवी सुटेल', 'पत्नीला नकोसे होईल' या भीतीने तो वेगळ्या खाटेवर झोपू लागतो. पत्नी मात्र त्याचा अर्थ 'आता मी यांना नको' असा लावते. प्रत्यक्षात उपाय साधे आहेत. आधी पिशवी रिकामी करावी, तिची पकड तपासावी, लहान पिशवी वा कापडी आवरण वापरावे, पोटावर भार येणार नाही अशी स्थिती निवडावी. स्टोमाला हलका स्पर्श झाल्यास इजा होत नाही. पण संभोगासाठी त्याचा वापर कधीही करू नये. गुदद्वार काढलेल्यांनी ती जखम पूर्ण भरेपर्यंत थांबावे. समलिंगी जोडीदार असणाऱ्यांनीही आपली परिस्थिती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी, कारण शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार सल्ला बदलतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत स्टोमाची काळजी शिकवणारे प्रशिक्षित तज्ज्ञ असतात. त्यांच्याकडे जाताना पत्नीला सोबत न्यावे. आलिंगन, स्पर्श आणि संवाद यांसाठी ताठरतेची आवश्यकता नसते, हे तिच्या उपस्थितीत सांगितले गेले तर बराच ताण हलका होतो.

कर्करोगातून बरे होणे म्हणजे केवळ अहवाल चांगला येणे नव्हे. पूर्वीसारखे घरात, आपल्या माणसाजवळ वावरता येणे हाही बरे होण्याचाच भाग आहे. पुढच्या तपासणीला जाताना प्रश्नांच्या यादीत हा एक प्रश्नही लिहून न्यावा. आणि डॉक्टरांनीही तो रुग्णाने विचारण्याची वाट न पाहता स्वत:हून विचारावा.