गिरणी येते, न्याय आणावा लागतो

केंद्र सरकारने २०२३ साली देशात सात मोठी वस्त्रोद्योग संकुले उभारण्याचे जाहीर केले. त्यांतील एक कर्नाटकातील कलबुर्गीच्या, म्हणजे आपल्या जुन्या ओळखीच्या गुलबर्ग्याच्या, वाट्याला आले. शेजारचा बीदर जिल्हा धरून या साऱ्या मुलखाला उद्योगांची भूक जुनी आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमेवरच्या तालुक्यांत कानडीबरोबर मराठीही नांदते, आणि तेथला तरुण पोटासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतो. आपल्या राज्यातील बांधकामांवर राबणारे उत्तर कर्नाटकातील मजूर तर आपण नित्य पाहतो. अशांना घराजवळ काम मिळणार असेल तर त्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु गिरणीबरोबर कामगाराचे हक्कही येणार काय, हा प्रश्न स्वागताच्या तोरणाखालीच विचारला गेला पाहिजे.

गुलबर्ग्याला गिरणी नवी नाही. सहाव्या निजामाचे नाव मिरविणारी महबूबशाही गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे उभी राहिली. १९७४ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ती बंदही पडली. उद्योग आला म्हणजे भाग्य कायमचे आले, असे समजण्याची सोय या शहराला तरी उरलेली नाही.

औद्योगिक वैभवाचा दाखला म्हणून अमेरिकेकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या वैभवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल या शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य परदेशातून आलेल्या तरुण मुली होत्या. लोकक्षोभ उसळला, चौकशी आयोग नेमला गेला आणि त्या राज्यात कारखान्यांविषयी अनेक नवे कायदे झाले. ती आग डोळ्यांनी पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ साली देशाच्या कामगारमंत्री झाल्या. बालमजुरीला आळा घालणारा १९१६ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द ठरविला; त्यानंतर तसा टिकाऊ कायदा यावयास १९३८ साल उजाडले. त्याही कायद्याने शेतमजुरांना आणि घरकामगारांना किमान वेतनाच्या बाहेरच ठेवले. सुधारणा ही कारखानदारीबरोबर आपोआप चालत येत नाही. ती लढून आणावी लागते आणि आणल्यावरही राखावी लागते.

ही जाणीव आपल्याला परकी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. याच जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीचे धडे घेणारे व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. त्यांचे मूळ गाव गुलबर्गा जिल्ह्यातले. १९५२ साली लोकसभेवर ते निवडून गेले तेही गुलबर्ग्यातूनच. मजुराचा प्रश्न आणि स्वातंत्र्याचा प्रश्न एकच आहे, हे या मुलखाला सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला असणार?

पण निजामी अमलात संघटना करणे हाच गुन्हा होता. स्टेट काँग्रेसवर १९३८ साली आलेली बंदी १९४६ साली उठली. १९४८ साली राजवट गेली, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कूळकायदा आला. मग १९५६ साली भाषेच्या रेषेने संस्थान विभागले गेले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी बाजूला आले. उरलेला मराठी भाषक तिकडे राहिला. त्याच्या मनातला सल खरा आहे आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही. परंतु सीमेच्या वादात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी मजुरीचा प्रश्न मागे टाकला, हेही तितकेच खरे. कानडी मजूर आणि मराठी मजूर यांचा घाम भाषेने वेगळा होत नाही.

आता चार नव्या कामगार संहिता २०२५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आल्या आहेत. कारखाना निरीक्षकाच्या नावाला ‘सुलभकर्ता’ ही जोड मिळाली आहे. तो नेमका कोणाचे काम सुलभ करणार, हे कलबुर्गीत दिसेल. संकुलात निरीक्षक पुरेसे असावेत, कंत्राटी कामगारालाही संघटनेचा हक्क निर्धास्तपणे बजावता यावा, सुरक्षिततेचे नियम कानडीबरोबर मराठी, उर्दू आणि तेलुगूतही लावले जावेत, आणि बाहेर पडण्याचे एकही दार कुलूपबंद नसावे. या मागण्या माफक आहेत. त्या पायाभरणीच्या वेळीच मान्य करून घेणे शहाणपणाचे. १४६ बळी गेल्यावर जागे होण्याचा धडा न्यूयॉर्कने एकदा गिरवला आहे, तो गुलबर्ग्याने पुन्हा गिरविण्याचे कारण नाही.