गोदामांच्या गावात कौशल्याचा प्रश्न

मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, तरीही शहराला जवळ, या सोयीमुळे भिवंडी तालुक्यात काल्हेर परिसरात गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात संपली. गोदामे मात्र टिकली. तेथे रोजगार आहे, पण बराचसा कंत्राटदारामार्फत मिळणारा. परिणामी, माल उचलणाऱ्या तरुणाला फोर्कलिफ्ट चालविणे किंवा मालसाठ्याची संगणकीय नोंद ठेवणे कोणी शिकवायचे, हा प्रश्न गोदामचालक आणि कंत्राटदार यांच्यात लोंबकळत राहतो.

याचे उत्तर शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ मध्ये आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. विशेष म्हणजे, या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. विद्यावेतनाचा काही भार २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार उचलते.

म्हणजे तरतुदींची वाण नाही. गोदामात कायम कर्मचारी दहा आणि राबणारे हात शंभर असतील, तर शंभरांचीच मोजणी झाली पाहिजे. अन्यथा आजचा हमाल दहा वर्षांनंतरही हमालच राहील.