राष्ट्राध्यक्षाच्या निवडीत धर्मगुरूची यादी

औंढा नागनाथ : निवडणुका जवळ आल्या की येथील नागनाथाच्या मंदिरात राजकीय पाहुण्यांची वर्दळ वाढते. प्रचाराचा नारळ फोडण्यापूर्वी ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यावे, पुजाऱ्यांकडून प्रसाद घ्यावा आणि मगच पुढील गावाला निघावे, हा सर्वपक्षीय रिवाज आहे. आशीर्वाद सर्वांना सारखाच मिळतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र हिशेब वेगळा असतो. या भागातून निवडून गेलेल्या आमदाराच्या मताचे मूल्य, महाराष्ट्रातील इतर सर्व आमदारांप्रमाणेच, १७५ धरले जाते. २०२२ च्या निवडणुकीत हिंगोलीच्या खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. पुजारी, मठाधिपती, शंकराचार्य, मौलवी किंवा बिशप यांच्या मताला या गणितात स्थानच नाही. ३५ वर्षे पूर्ण केलेला आणि लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असलेला कोणत्याही धर्माचा भारतीय नागरिक राष्ट्रपती होऊ शकतो.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आकाराने आपल्या बीड जिल्ह्याएवढा असलेला लेबनॉन हा देश या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाला उभा आहे. तेथील राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चनच असतो. पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया, अशी उरलेल्या पदांची वाटणी आहे. राष्ट्राध्यक्षपद रिकामे होण्याची वेळ आली, की परदेशी मुत्सद्द्यांच्या मोटारी बैरूतच्या उत्तरेकडील टेकडीवरच्या बकेर्के नावाच्या मठाकडे वळू लागतात. मॅरोनाइट चर्चचे प्रमुख, म्हणजे पॅट्रिआर्क, तेथे राहतात. लेबनॉनच्या घटनेत त्यांनाही मत नाही. तरीही ‘बकेर्केचे मत काय?’ हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो.

हे कसे घडले, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. संत मारून यांच्या अनुयायांचा हा पंथ लेबनॉनच्या डोंगराळ भागात शतकानुशतके टिकून राहिला. रोमच्या पोपला मानणारा, पण स्वतःची उपासनापद्धती आणि स्वतःचा प्रमुख असलेला हा समाज आहे. ऑटोमन राजवटीत त्याचा धर्मगुरू हाच व्यवहारात त्याचा राजकीय प्रवक्ता होता. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत स्वतंत्र लेबनॉनची मागणी घेऊन गेले, ते पॅट्रिआर्क एलियास हुवायेक. १ सप्टेंबर १९२० रोजी फ्रेंच सेनानी गुरो यांनी ‘विशाल लेबनॉन’ची घोषणा केली. राष्ट्राच्या जन्मात धर्मपीठाचा एवढा वाटा असल्यावर राष्ट्रप्रमुखाच्या निवडीत त्याचा शब्द निघणार, हे ओघानेच आले.

राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट असावा, हे मात्र घटनेत कोठेही लिहिलेले नाही. १९४३ च्या ‘राष्ट्रीय करारा’ने हा संकेत पक्का केला आणि हा करारही अलिखितच होता. त्याचा पाया होता १९३२ ची जनगणना. त्या मोजणीत ख्रिश्चन निम्म्याहून किंचित अधिक भरले. त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेलीच नाही. मोजणी झाली तर वाटणीचा आधारच निखळेल, ही भीती सर्वांना आहे. (आपल्याकडेही राष्ट्रपती निवडणुकीतील मतांचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवले गेले. येथे कारण कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांना तोटा होऊ नये हे होते. जुन्या शिरगणतीवर आजचे राजकारण उभे करण्याचा मोह केवळ लेबनॉनलाच झालेला नाही, एवढेच.)

निवडणूक प्रत्यक्षात संसद करते. एकूण १२८ सदस्य, त्यांत निम्मे ख्रिश्चन आणि निम्मे मुस्लिम. ख्रिश्चनांच्या ६४ जागांपैकी ३४ मॅरोनाइटांच्या. पहिल्या फेरीत विजयासाठी दोन-तृतीयांश, म्हणजे ८६ मते लागतात, पुढच्या फेऱ्यांत साधे बहुमत, म्हणजे ६५ मते पुरतात. परंतु गणपूर्तीसाठीही ८६ सदस्य हजर हवेत, असा अर्थ रूढ झाला आहे. सारी मेख येथेच आहे. ज्याला निवडणूक नको, त्याने विरोधी मत देण्याची गरज नाही. ४३ सदस्यांनी सभागृहात पाऊल न टाकले, तरी काम होते.

अशा कोंडीत सर्वांची नजर पॅट्रिआर्ककडे जाते आणि त्यांच्यापुढे खरा पेच उभा राहतो. नाव सांगावे, तर धर्मगुरू राजकारणात उतरला, अशी टीका होते. शिवाय ते नाव पडले, तर धर्मपीठाचीच शोभा होते. नाव न सांगावे, तर समाजाचे सर्वोच्च पद रिकामे राहिल्याचा दोष माथी येतो. नसरल्ला बुत्रोस स्फेर यांनी १९८६ ते २०११ या पंचवीस वर्षांत या पेचाची दोन्ही टोके अनुभवली.

१९८८ मध्ये अमीन जमायेल यांची मुदत संपत आली, तेव्हा यादवी युद्ध सुरू होते आणि सीरियाचे सैन्य देशात होते. अमेरिकेच्या आग्रहावरून स्फेर यांनी नावे सुचविली. अमेरिकी दूत दमास्कसला जाऊन परतले, ते मिखाएल दाहेर हे एकच नाव घेऊन. दाहेर नाहीतर अराजक, असा पर्याय ख्रिश्चन नेत्यांपुढे ठेवण्यात आला. त्यांनी तो नाकारला आणि अराजक आले. पदावरून उतरताना जमायेल यांनी लष्करप्रमुख मिशेल औन यांच्या हाती सरकार सोपविले. देशात एकाच वेळी दोन सरकारे कारभार करू लागली. पुढच्या वर्षी ताइफ येथे झालेल्या कराराने राष्ट्राध्यक्षाचे बरेच अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. युद्ध थांबावे म्हणून स्फेर यांनी कराराला पाठिंबा दिला. त्याची किंमत त्यांना स्वकीयांकडूनच मोजावी लागली. नोव्हेंबर १९८९ मध्ये औन यांच्या समर्थकांचा जमाव बकेर्केच्या मठात घुसला आणि वयोवृद्ध धर्मगुरूला औन यांच्या छायाचित्राचे चुंबन घेण्यास भाग पाडण्यात आले.

त्यामुळे २००७ मध्ये पुन्हा यादीची मागणी झाली, तेव्हा स्फेर नाखूश होते, यात नवल नाही. एमिल लहूद यांची २००४ मध्ये वाढविलेली मुदत संपत होती. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार्ड कुशनेर यांनी आग्रह धरला आणि स्फेर यांनी अखेर मोजकी नावे दिली. सभापती नबीह बेरी आणि बहुमतवाल्या आघाडीचे साद हरिरी यांनी त्यांतून एक निवडावे, अशी कल्पना होती. एकमत झाले नाही. २३ नोव्हेंबर २००७ च्या मध्यरात्री लहूद प्रासादातून बाहेर पडले आणि खुर्ची सहा महिने रिकामी राहिली. मे २००८ मध्ये बैरूतच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, कतारने दोहा येथे सर्वांना बोलावले आणि २५ मे रोजी लष्करप्रमुख मिशेल सुलेमान यांची निवड झाली. बकेर्केची यादी कागदावरच राहिली.

त्याच २००७ च्या जुलैत भारताने प्रतिभाताई पाटील यांना राष्ट्रपती केले होते. भाजपसोबत युतीत असलेल्या शिवसेनेने उमेदवार मराठी आहे, या कारणावरून त्यांना मते दिली. म्हणजे ‘आपला माणूस’ ही भावना आपल्याकडे नसते असे नाही. फरक असा, की ती भावना कोणत्याही पदावर कायमचा हक्क सांगत नाही आणि तिचा कौल देण्यासाठी एखाद्या पीठाकडे जावे लागत नाही.

पीठाचा शब्द आणि राजकारण यांचे नाते मराठवाड्याला अनोळखी नाही, हेही खरे. बीडच्या सीमेवरील भगवानगडाने २०१६ च्या दसऱ्याला गडावर राजकीय भाषण नको, अशी भूमिका घेतली आणि तत्कालीन मंत्री पंकजा मुंडे यांना मेळावा गडाच्या पायथ्याशी घ्यावा लागला. गर्दी तेथेही झाली. गादीचा मान आणि गर्दीचा कौल या दोन गोष्टी एकत्र असतात तोवर वेगळ्या दिसत नाहीत. त्या वेगळ्या झाल्या, की दोघांचीही मर्यादा उघडी पडते. बकेर्केची गोष्ट याहून फार निराळी नाही.

स्फेर यांच्यानंतर मार्च २०११ मध्ये निवडले गेलेले बेशारा अल राही यांनी दुसरा मार्ग धरला. यादी देण्याऐवजी त्यांनी मॅरोनाइट समाजातील चार मोठ्या नेत्यांना, म्हणजे मिशेल औन, समीर जाजा, अमीन जमायेल आणि सुलेमान फ्रांजिये यांना, एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. या चौघांपलीकडे मग कोणाचा विचारच होईना, असा आक्षेप पुढे घेतला गेला. मे २०१४ मध्ये खुर्ची रिकामी झाली, ती २९ महिने. औन यांचे सदस्य आणि हिजबुल्ला बैठकांना फिरकत नव्हते. अखेर जाजा यांनी जुने वैर बाजूला ठेवले, हरिरींनीही होकार दिला आणि ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी, ४६ व्या बैठकीत, औन निवडून आले. ज्यांच्या समर्थकांनी एका पॅट्रिआर्कची विटंबना केली होती, ते २७ वर्षांनी दुसऱ्या पॅट्रिआर्कच्या शुभेच्छा घेऊन प्रासादात गेले.

औन यांच्याच कारकिर्दीत २०१९ मध्ये बँका कोलमडल्या, सामान्यांच्या ठेवी अडकल्या आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातील स्फोटात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. देश असा खचलेला असताना ऑक्टोबर २०२२ मध्ये ते निवृत्त झाले आणि खुर्ची पुन्हा रिकामी राहिली. राही रविवारच्या प्रवचनांतून संसद सदस्यांना कानपिचक्या देत राहिले. त्यांच्या वतीने एक बिशप नेत्यांच्या घरी नावांची चाचपणी करीत फिरले. १४ जून २०२३ च्या बैठकीत प्रमुख ख्रिश्चन पक्षांचा पाठिंबा असलेल्या जिहाद अझूर यांना ५९, तर हिजबुल्लाच्या पसंतीच्या फ्रांजिये यांना ५१ मते मिळाली आणि दुसरी फेरी सुरू होण्याआधीच सदस्य उठून गेले.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. पॅट्रिआर्कची स्वतःची निवड बिशपांची सभा करते आणि तेथेही दोन-तृतीयांश मतांची अट आहे. मात्र सभा सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांत निवड झाली नाही, तर निर्णय पोपकडे जातो. चर्चने आपली खुर्ची रिकामी राहू नये, याची तजवीज करून ठेवली आहे. संसदेच्या वर असा कोणी नाही. ती जागा आळीपाळीने दमास्कस, पॅरिस, दोहा, रियाध आणि वॉशिंग्टन यांनी घेतली. आजवरचा अनुभव पाहता पॅट्रिआर्क एखाद्याचा मार्ग अवघड करू शकतात. १९५८ मध्ये पॅट्रिआर्क मेऊशी यांनी कामिल शामून यांच्या दुसऱ्या कारकिर्दीला विरोध केला आणि शामून पायउतार झाले. एखाद्याला निवडून आणणे मात्र पॅट्रिआर्कना क्वचितच साधले आहे. यादी अडकते आणि बहुधा लष्करातील कोणाचे तरी नाव पुढे येते. १९५८ चे फुआद शेहाब, १९९८ चे लहूद, २००८ चे सुलेमान आणि २०१६ चे औन हे सारे लष्करप्रमुखपद भूषविलेले होते.

९ जानेवारी २०२५ रोजीही तेच घडले. इस्रायलबरोबरच्या युद्धात हिजबुल्ला दुबळी झाली होती, सीरियात बशर अल असद यांची सत्ता महिन्याभरापूर्वीच कोसळली होती आणि सौदी व अमेरिकी दूत बैरूतमध्ये तळ ठोकून होते. तेराव्या बैठकीच्या पहिल्या फेरीत लष्करप्रमुख जोसेफ औन यांना ७१ मते पडली, म्हणजे पंधरा कमी. दोन तासांच्या विश्रांतीनंतर दुसऱ्या फेरीत ती ९९ झाली. (आडनाव एकच असले, तरी हे औन मिशेल औन यांचे नातलग नव्हेत.) नव्या राष्ट्राध्यक्षांची सहा वर्षांची मुदत जानेवारी २०३१ मध्ये संपेल. घटनेच्या ७३ व्या कलमानुसार त्याआधी किमान एक आणि कमाल दोन महिने संसदेची बैठक बोलवावी लागेल. ती कोणी बोलावलीच नाही, तर मुदत संपण्यापूर्वीच्या दहाव्या दिवशी संसद आपोआप भरते.