अंधारातला फोटोग्राफर

मुलांनो, ठाण्याजवळच्या येऊरला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. तिथे बिबट्या पाहिलाय कुणी? "छे!" असंच बहुतेकांचं उत्तर असणार. पण बिबट्यानं तुम्हाला पाहिलं नसेल, हे मात्र सांगता येत नाही बरं का!

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला एकीकडे मुंबई आणि दुसरीकडे ठाणे अगदी खेटून आहे. इथला बिबट्या माणसाची चाहूल लागताच सटकतो आणि फिरतो मुख्यतः रात्री. मग त्याची मोजदाद करायची कशी?

त्यासाठी आहे 'कॅमेरा ट्रॅप'. ट्रॅप म्हणजे सापळा, पण यात प्राणी अडकत नाही, अडकतो फक्त त्याचा फोटो! पायवाटेकडेच्या झाडाला साधारण गुडघ्याच्या उंचीवर हा कॅमेरा बांधून ठेवतात. समोरून ऊबदार अंगाचा प्राणी गेला, की उष्णतेतला फरक त्याला कळतो आणि खटॅक्! फोटो निघतो. त्यावर तारीख आणि वेळही उमटते. ही कल्पना जुनीच आहे. १९२० च्या दशकात चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्यानं आपल्या देशातल्या वाघांचे फोटो असेच काढले होते. वाघाचा पाय तारेला लागला, की फ्लॅश पेटायचा.

बिबट्यांसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. का, सांगा पाहू? आपल्या अंगठ्याच्या ठशांसारखेच प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. शिवाय त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षीही सारखी नसते. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. मग ठिपके जुळवून कोण नवा, कोण पुन्हा आला, हे ठरवायचं आणि त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा. अशा पाहणीत इथे २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबट्यांचा अंदाज निघाला. या जंगलात सांबर, भेकर, साळिंदर, उदमांजर आहेत आणि इवलीशी वाघाटीसुद्धा!

आता तुम्ही म्हणाल, "एवढे बिबटे? मग पकडून लांब नेऊन सोडा ना!" २००२ ते २००४ या काळात इथे माणसांवर हल्ले वाढले होते, तेव्हा लोकही हेच म्हणत. पण २००९ साली काय झालं, ऐका. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला होता. त्याचं नाव 'आजोबा'. हे आजोबा रेल्वेचे रूळ, रस्ते, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून थेट या उद्यानात हजर! २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेनं ते गेले. बिबट्याला दूर नेऊन सोडलं, तरी तो सोडलेल्या जागीच राहील असं नाही, हे त्यांनी आपल्याला शिकवलं.

मग उपाय काय? तो आपल्याच हातात आहे. उघड्यावर कचरा टाकला, की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. म्हणून कचरा डब्यातच टाका. जंगलालगत राहत असाल, तर अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर पडू नका, धाकट्यांनाही सोडू नका. बिबट्या दिसलाच, तर गर्दी आणि आरडाओरडा न करता मोठ्यांकरवी वनखात्याला कळवा.

आणि येऊरच्या झाडावर एखादी छोटी पेटी बांधलेली दिसली, तर तिला हात लावू नका हं! रात्री तिच्यासमोरून कोण जाणार आहे, कुणास ठाऊक!